गोदाघाट पाहा, पण होळकर पुलाचा आकडा विचारून

महोदय,

पावसाळ्यातील नाशिकच्या गोदाघाटाच्या (गोदावरीकाठच्या घाटांच्या) सहलीवरचा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. रामकुंड, नारोशंकर मंदिर, सराफ बाजार हा मार्ग उत्तम. पण पाणी चढते आहे हे परगावच्या माणसाने ओळखायचे कसे, याबद्दल त्यात एक ओळही नाही.

नाशिककर आधी गोदापात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे पाहतात : पाणी पायाला, कमरेला की गळ्याला? मात्र केवळ गंगापूर धरणाच्या विसर्गावर विसंबू नये. धरणाखाली शहराच्या पावसाचे आणि नाल्यांचे पाणी पात्रात मिसळते. त्यामुळे घाटाजवळच्या होळकर पुलाखालचा प्रवाह धरणाच्या आकड्याहून बराच मोठा असू शकतो. (हे आकडे क्युसेकमध्ये सांगतात; १ क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर.) घाटावर उतरण्याआधी पुलाचा आकडा विचारावा. गाडी पात्रालगत तर लावूच नये. विसर्ग वाढल्यावर ती काढायला धावणे हाच खरा धोका. पाणी ओसरल्यावर पायऱ्यांवर निसरडा गाळ उरतो, तो धुऊन निघेपर्यंत वरूनच पाहावे.

नारोशंकराच्या घंटेपर्यंत पाणी म्हणजे महापूर, हे स्थानिकांना ठाऊक असते. पर्यटकांसाठी महापालिकेने १९६९ आणि २००८ च्या पुराच्या रेषा घाटावर ठळक रंगवाव्यात.

– एक वाचक, नाशिक