वनमंत्र्यांना खुले पत्र: नांदूर मधमेश्वरला आणखी मनोरे नकोत, पाण्यालगत लपणगृहे हवीत

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सादर नमस्कार.

गोदावरी-कादवेच्या संगमावरचा बंधारा गाळाने भरत गेला, पाणी उथळ झाले आणि नांदूर मधमेश्वरची पाणथळ घडली. २०२० मध्ये ती राज्यातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून जाहीर झाली. थंडीत इथे थापट्या, तलवार बदक, चक्रवाक उतरतात आणि त्यांच्यामागे मोठमोठ्या लेन्स येतात. या लेन्सवाल्यांना कुठे बसवायचे, एवढ्यासाठीच हे पत्र.

निरीक्षण मनोरा पक्षी मोजायला उत्तम, फोटोला नाही. वरून बदकाची पाठ आणि चिखल दिसतो, डोळा दिसत नाही. मग माणूस खाली उतरतो आणि बांधाआडून पाण्याकडे सरकू लागतो. पक्षी आधी चरणे थांबवतात, माना वर करतात, सगळे एका दिशेने चालू लागतात. तिथेच थांबले तर थवा बसून राहतो. पुढचे पाऊल पडले की सगळे उठतात. परतीच्या प्रवासासाठी चरबी साठवायच्या दिवसांत असे उडणे त्यांना फार महाग पडते.

यावर उपाय म्हणजे लपणगृह, पक्ष्यांना न दिसता आत बसून फोटो काढायचा आडोसा. बांबूच्या तट्ट्यांचे लपणगृह स्वस्तात होते, पण तपशील चुकला तर ते वाया जाते. बुटक्या पाटावर बसल्यावर लेन्स पाण्याच्या पातळीपासून सुमारे ३ फूट उंचीवर यावी. समोर आडवी फट, तिच्यावर जाळीचा पडदा, खाली लेन्स टेकवायच्या बीनबॅगसाठी फूटभर रुंद फळी. सकाळच्या लपणगृहाचे तोंड पश्चिमेला हवे, संध्याकाळच्याचे पूर्वेला. उलट केले तर पक्षी नुसते काळे दिसतात. ६०० मिलिमीटरच्या लेन्समधून १५ मीटरवरचा शेकाट्या चौकटीची निम्म्याहून अधिक उंची व्यापतो. त्याहून जवळ जायची गरजच उरत नाही.

बहुतेक लपणगृहे फसतात ती वाटेमुळे. आत माणूस दिसत नाही, पण येताना सगळ्या तळ्याला दिसतो. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना ६ फुटी तट्ट्या आणि दाराला दुहेरी काळा पडदा हवाच; नाहीतर मागच्या उजेडात फटीतून सावली हलते. पत्रा नको, तो तापतो आणि वाजतो. बांधकाम सप्टेंबरपूर्वी संपवावे, म्हणजे पाहुणे पक्षी येतात तेव्हा ते आधीपासूनच तिथे असते.

जागा मात्र जलसंपदा विभागाला विचारून ठरवावी. सिंचनासाठी पाण्याचे आवर्तन सुटले की काठ मागे सरकतो आणि ऑक्टोबरमध्ये पाण्यालगत असलेले लपणगृह फेब्रुवारीत कोरड्यावर पडते. उचलून हलवता येईल असे बांधणे हाच त्यावर उपाय.

वेळही तितकीच महत्त्वाची. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी माणसे आत बसलेली असावीत. साधारण दहानंतर तापलेल्या चिखलावरची हवा थरथरू लागते, मग लेन्स कितीही महाग असो, पिसे धूसरच येतात. फाटक उशिरा उघडले तर लोक शेतांतून शिरणार.

घरट्यांबाबत सवलत नको. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते आणि उन्हाळ्यात पोटाची पिसे भिजवून त्यांवर बसते. कॅमेऱ्यामुळे ती दूर राहिली तर अंडी उन्हाने भाजतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये पक्ष्यांच्या घरट्याशी किंवा अंड्यांशी छेडछाड ही ‘शिकार’ या व्याख्येतच येते. हे वाक्य परवान्यावर ठळक छापावे. रेकॉर्ड केलेले आवाज वाजवणे आणि फ्लॅश यांवर बंदी असावी, आणि माना वर झाल्या की गटाला थांबवायचा अधिकार स्थानिक गाइडला लेखी मिळावा. आज त्याने हटकले तर पर्यटक त्याच्याशीच वाद घालतो.

आमची मागणी एवढीच: येत्या हंगामापूर्वी चापडगावच्या बाजूला सहा-सहा जणांची दोन लपणगृहे, एक सकाळचे आणि एक संध्याकाळचे, आगाऊ नोंदणीने सुरू करावीत, आणि जागा निवडताना गाइडांना सोबत घ्यावे, कारण पाणी कुठवर हटते हे त्यांना पाठ आहे.

आपले,
नाशिक परिसरातील पक्षी छायाचित्रकार