‘ही तुटेल’ असं लिहून देणाऱ्या कारागिरास

दादा,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुमचं नाव इथे घालत नाही, कारण ते तुम्हाला आवडणार नाही. तरी पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. स्वस्तातलं पहिलं ल्यूट, म्हणजे युरोपातलं ते जुनं, गोल पोटाचं तंतुवाद्य, हातात घेऊन अडकून पडलेल्या कुणाला ते सापडलं, तर तुम्ही दिलेलं पुढे पोचेल. बिल, तारखा, फेऱ्या हे सगळं राहू दे. आभार कशाचे मानायचे ते वेगळंच आहे.

तुमच्या टेबलावर आलेलं वाद्य आठ जोड्यांचं होतं, तारेची वाजती लांबी ५९ सेंटिमीटर. ल्यूटच्या तारा दोन-दोनच्या जोडीने लावलेल्या असतात. आठ जोड्या म्हणायचं, पण पहिली तार एकटी असते, म्हणून तारा पंधरा. त्या पंधराही गिटारच्या होत्या. विकणाऱ्याने ‘नायलॉन ते नायलॉन, काय फरक पडतो’ म्हणून त्या चढवून दिल्या होत्या. घोडी तबलीवरून, म्हणजे पोटावरच्या पातळ फळीवरून, उचलायला लागली आहे असं सांगितल्यावर त्याचं उत्तर होतं, ‘ल्यूट नाजूकच असतं, जपून वाजवा.’ म्हणजे दोष वाजवणाऱ्याच्या हाताचा. त्या एका वाक्याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही काही न बोलता पहिल्या तारेला जाडी मोजायचा कॅलिपर लावलात. ०.७१ मिलिमीटर. ल्यूटची पहिली तार ‘जी’ला, म्हणजे ३९२ हर्ट्झला लावायची असते, आणि ५९ सेंटिमीटरवर एवढी जाड नायलॉनची तार तिथवर नेली की ओढ साडेनऊ किलोंच्या आसपास जाते. ल्यूटच्या तारेला तीन ते साडेतीन किलो पुरतात, त्यासाठी ०.४२ ची तार लागते. जाडी १.७ पट झाली की ओढ जवळजवळ तिप्पट होते, कारण ओढ जाडीच्या वर्गाने वाढते. योग्य तारा असल्या तरी पंधरा जणींची मिळून ओढ पंचेचाळीस-पन्नास किलो भरते, आणि ती सगळी पेलते दीड-दोन मिलिमीटर जाडीची तबली, आतून आडव्या पट्ट्यांनी धरलेली. त्यावर गिटारच्या तारा म्हणजे घोडी निघणार, नाहीतर दांडी पुढे वाकणार. जपून वाजवलं तरी निघणार, कारण वाद्य कोपऱ्यात उभं असतानाही ती ओढ चालूच असते. हे तुम्ही आकड्यांत दाखवलंत आणि हातावरचा आरोप तिथल्या तिथे उतरवलात.

पण आभाराचं खरं कारण ती चिठ्ठी आहे.

वाद्याच्या पिशवीत एक कागदी पाकीट निघालं. आत एक चिठ्ठी, पेन्सिलीने लिहिलेली. पंधरा ओळी, प्रत्येक तारेची जाडी शंभरांशापर्यंत, खर्जाकडच्या तीन जोड्यांत कुठली तार मूळ स्वराची आणि कुठली वरच्या सप्तकाची तेही. पहिल्या ओळीपुढे अक्षर जरा मोठं होतं: ‘०.४२. ही तुटेल. तुटली तर चूक तुमची नाही.’ चिठ्ठीच्या पोटात त्याच तारेची तीन छोटी वेटोळी, प्रत्येकाला धाग्याची एक गाठ.

शिकाऊ माणसाला पहिली तार तुटण्याची धास्ती किती असते, ते बाहेरच्याला कळायचं नाही. ‘टण्’ असा आवाज होतो, हात थरथरतो, आणि वाटतं की जे काही नाजूक होतं ते आपणच मोडलं. नंतर खुंटीला हात लावायचीच भीती बसते, वाद्य बेसूर राहतं, बेसूर वाद्य वाजवावंसं वाटत नाही, आणि सहा महिन्यांनी ते भिंतीवर टांगलेलं असतं. चार शब्दांनी तुम्ही ती वाट बंद केलीत.

ते शब्द नुसते धीर द्यायला नव्हते, त्यांना आधार होता. तातीची, म्हणजे आतड्याची तार किती उंच स्वरापर्यंत चढेल याची हद्द तिच्या जाडीवर अवलंबून नसते. लांबी आणि कंपनसंख्या यांचा गुणाकार मीटर-हर्ट्झमध्ये २६० च्या आसपास गेला की ती तुटते, जाड असो की बारीक. ०.५९ गुणिले ३९२ म्हणजे २३१. ल्यूटची पहिली तार मुळातच कड्याच्या जवळ राहते. जुने वादक पहिली तार तुटणार नाही इतपत चढवायचे आणि बाकीच्या तिच्याबरोबर जुळवायचे, ते उगाच नव्हे. नायलॉन थोडं जास्त सोसतं, पण धारदार कडेवर तेही कापलं जातंच.

म्हणून तुम्ही सांगितलंत की तुटलेली तार फेकायची नाही, आधी टोक बघायचं. नटाजवळ तुटली असेल, म्हणजे दांडीच्या टोकाच्या खाचेत, तर खाचेची कड धारदार आहे. बारीक पॉलिश पेपरची घडी तिथून दोनदा फिरवायची आणि खाचेत मऊ पेन्सिलीचं शिसं घासायचं. खुंटीजवळ तुटली असेल तर खुंटीच्या भोकाची कड घासून बोथट करायची. घोडीजवळ तुटली असेल तर गाठ नीट बसलेली नाही. सूर लावताना तार ‘टिक्’ करून उडी मारत असेल, तरी खाच तिला चिमटते आहे असंच समजायचं. असं कळलं की तुटलेली तार धडा देते, धास्ती देत नाही.

खुंट्यांचं तुम्ही उभ्या उभ्या दाखवलंत. खुंटी निमुळती असते, फिरवताना तिला थोडं आत दाबत फिरवायची. तारेचे वेढे खुंट्यांच्या पेटीच्या भिंतीकडे सरकत जावेत म्हणजे तारच खुंटीला आत ओढते, पण भिंतीला घासून दाटले की खुंटी अडकते. घसरत असेल तर खडू, जाम होत असेल तर कोरडा साबण, दोन्ही नखभर. आणि सूर नेहमी खालून वर चढत गाठायचा. नव्या नायलॉन तारा बरेच दिवस उतरत राहतात, त्यात वाद्याचा दोष नसतो.

पडद्यांची गोष्ट जरा सविस्तर लिहायलाच हवी, कारण तिथे तुम्ही जे केलंत ते फार कमी कारागीर करतात. ल्यूटचे दांडीवरचे पडदे सतारीसारखेच बांधलेले असतात, फक्त ते धातूचे नसून तातीचे किंवा नायलॉनचे. विकणाऱ्याने आठही पडदे ०.८ च्या एकाच दोऱ्याचे बांधले होते. त्यामुळे दुसऱ्या पडद्यावर दाबलेली तार तिसऱ्याला टेकून खरखरायची, आणि त्यावर त्याचं म्हणणं ‘बोट जोरात दाबा.’ तुम्ही पहिला पडदा १ मिलिमीटरचा घेतलात आणि पुढचा प्रत्येक थोडा बारीक करत आठवा ०.६५ वर आणलात. खरखर गेली. बोटाचा जोर होता तेवढाच पुरला.

पहिला पडदा तुम्ही सुरेख बांधलात. मग कात्रीने कापून टाकलात आणि दोरा पुढे केलात. गाठ दांडीच्या खर्जाकडच्या कडेला, म्हणजे डाव्या हाताला लागत नाही. बांधायचं मात्र ठरल्या जागी नाही, थोडं खुंट्यांकडे, जिथे दांडी अरुंद असते. गाठ आवळली की पडदा पोटाकडे सरकवायचा, दांडी रुंद होत जाते तसा तो आपोआप घट्ट होतो. टोकं दोन-तीन मिलिमीटर ठेवून कापायची आणि सोल्डरिंगच्या तापल्या टोकाने डागायची, म्हणजे मणी होतो आणि गाठ सुटत नाही. वार्निशपासून आच लांब. पाच वेळा सैल झाला, सहाव्यांदा बसला. तुम्ही तेवढा वेळ दुसरं काम हातात घेतलं नाहीत.

मापं ५९ सेंटिमीटरसाठी अशी: नटापासून पहिला पडदा ३३ मिलिमीटरवर, पाचवा १४८ वर, सातवा १९६ वर. गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो गॅलिली स्वतः ल्यूट वाजवायचे. १५८१ मध्ये त्यांनी मांडलेला नियम, की उरलेल्या लांबीचा अठरावा भाग घेत पुढे जायचं, आजही टेपपट्टी घेऊन करून बघता येतो. ५९० भागिले १८, उत्तर पावणेतेहतीस. पुढे कान सांगेल तसा पडदा केसभर इकडे-तिकडे.

घोडीबद्दल तुम्ही जे सांगितलंत ते खरेदीआधी कळायला हवं होतं. गिटारला घोडीवर वेगळी पट्टी असते, ती घासून तारा खाली आणता येतात. ल्यूटच्या घोडीला तशी पट्टीच नाही, तार थेट भोकातून ओवून बांधलेली. म्हणून दांडी पोटाला मिळते तिथे तारांची उंची चार मिलिमीटरच्या वर असेल तर ती सहज कमी होणारी नाही, दांडीचंच काम निघतं. पहिल्यांदा घेणाऱ्याने मोजपट्टी खिशात घेऊनच जावं. तबलीवर बोटाच्या पेराने हलकेच टकटक करावं. कुठे झणझण आली तर आतली पट्टी सुटली आहे. तबलीत कोरलेली फुलाची जाळी आणि घोडी यांच्यामध्ये तबली खचली आहे का, पाठीच्या फाकांचे सांधे उघडलेत का, तेही बघावं. आणि वाद्य उचलून बघावं. या मापाचं नीट घडवलेलं ल्यूट किलोच्या आतच असतं. हाताला जड लागलं तर लाकूड जाड आहे, आवाज आतच अडकणार.

आणखी एक फसगत म्हणजे पोट ल्यूटचं, पण तारा सहा, सुट्या, पडदे धातूचे ठोकलेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत अशी पुष्कळ वाद्यं झाली. ती गिटारच आहेत, ल्यूटच्या अंगाची. वाईट असतात असं नाही, पण ल्यूट शिकायला उपयोगी नाहीत.

किती जोड्यांचं घ्यावं, यावर तुमचं मत होतं की सहा पुरे, सात-आठ असतील तर हरकत नाही, त्यापुढे पहिल्या वाद्यात जाऊच नये. सोळाव्या शतकातल्या इटालियन फ्रान्चेस्को दा मिलानोचं संगीत सहा जोड्यांवर बसतं, नंतरच्या इंग्रज जॉन डाउलंडकडे जायचं तर सात-आठ लागतात. घ्यायच्या आधी चव बघायची तर साधी गिटारही चालते: तिसरी तार अर्धा स्वर उतरवायची, तिसऱ्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावायचा, की सहा जोड्यांच्या ल्यूटचे स्वर आणि बोटांच्या जागा मिळतात. इंग्लंडची ल्यूट सोसायटी आणि ल्यूट सोसायटी ऑफ अमेरिका, दोन्ही संस्था सभासदांना वाद्य भाड्याने देतात, तेही तुम्हीच सांगितलंत. स्वतःचं गिऱ्हाईक कमी होईल हे माहीत असताना सांगितलंत.

उजव्या हाताचंही एक वाक्य तुमचंच. करंगळी तबलीवर टेकवायची, नखं कापून टाकायची, आणि बोटाच्या मऊ भागाने जोडीच्या दोन्ही तारा एकदम घ्यायच्या. नख एकाच तारेत अडकतं आणि जोडीचा आवाज फाटतो. मनगट तारांच्या जवळजवळ समांतर, अंगठा बोटांच्या आतून, एकाच जोडीवर अंगठा-तर्जनी, अंगठा-तर्जनी. अंगठ्याचा ठोका जड, तर्जनीचा हलका. पोट गोल असल्याने वाद्य मांडीवरून घसरतं, त्याला तुम्ही चामड्याचा एक तुकडा दिलात.

दादा, अशी माणसं असतात म्हणून जुनी वाद्यं अजून वाजतात, असं मनापासून वाटतं. काम करून देणारे बरेच असतात. ‘तुमचं चुकत नाहीये’ हे मोजून, दाखवून सांगणारे फार थोडे. ज्याने चुकीच्या तारा चढवल्या त्याने दोनदा माणसालाच दोष दिला. तुम्ही एकदाही त्याच्याबद्दल वाईट बोलला नाहीत, नुसत्या तारा काढून ठेवल्यात आणि त्यांच्यावर जाडी लिहिलीत, गिटारला लागतील म्हणून.

चिठ्ठी खुंट्यांच्या पेटीजवळ, केसच्या झाकणाला आतून चिकटवली आहे. पहिली तार परवा तुटली, नटाजवळ. खाच घासली, शिसं लावलं, दुसरी चढवली. पाकिटात दोन वेटोळी उरली आहेत. ०.४२ ची आणखी तीन बाजूला काढून ठेवा, आणि या वेळी त्यांचे पैसे घ्या.

कळावे, लोभ असावा.

आपली,
आठ जोड्यांवाली