चांदी हवीये का नाणी, आधी ते ठरव

प्रिय संज्या,

तुझा मेसेज वाचला. "येताना जर्मन सम्राटाच्या, कैसरच्या काळातली दहा-बारा चांदीची नाणी घेऊन ये, चांदी वर चाललीये." एवढंच लिहून मोकळा झालास, आणि याचं उत्तर दोन ओळीत बसत नाही म्हणून हे पत्र. (आईला सांग, घरातल्या जर्मनच्या पातेल्यांशी याचा काही संबंध नाही.)

चांदीच हवी असेल तर सरळ आपल्या सराफाकडे जा बाबा. हिशोब सोपा आहे, एका मार्कात (हे तेव्हाचं जर्मन चलन) ५ ग्रॅम शुद्ध चांदी, म्हणजे ५ मार्कच्या नाण्यात २५ ग्रॅम, अख्खं नाणं २७.७८ ग्रॅमचं कारण ९०० टंच, म्हणजे हजारात नऊशे भाग चांदी. पण इथले डीलर त्यावर स्वतःचं मार्जिन लावतात आणि तू विकायला जाशील तेव्हा तिकडे तुला फक्त वितळवायचा भाव मिळणार, मग कशाला हा उद्योग.

नाणी म्हणून घेणार असशील तर मात्र बोलू. १८७१ला जर्मनी एक झाला, चलन एक झालं, पण आतले राजे होते तसेच राहिले. त्यामुळे २, ३ आणि ५ मार्कच्या एका बाजूला सगळीकडे तोच साम्राज्याचा गरुड, आणि दुसऱ्या बाजूला प्रशियाचा, सॅक्सनीचा, वुर्टेंबर्गचा, ज्याचा त्याचा राजा. हॅम्बुर्ग, ब्रेमेन, ल्यूबेकला राजाच नाही म्हणून तिथे शहराचं चिन्ह. मला मजा येते ती यातच, दुर्मिळ बिर्मिळ आपल्या खिशाला झेपत नाही. सॅक्सनीचं १९१७चं ३ मार्क फक्त १०० पाडलेत, ते कॅटलॉगमध्ये बघायचं आणि पान उलटायचं.

माझं लाडकं म्हणजे बव्हेरिया या जर्मन राज्याचा राजा ऑटो. हा १८८६ला राजा झाला तेव्हाच मानसिक आजारी होता, म्युनिकजवळ फ्युर्स्टनरीडच्या राजवाड्यात ठेवला होता, कारभार काका लुइटपोल्ड बघायचा. तरी १९१३पर्यंत नाण्यावर चेहरा ऑटोचाच! म्हणजे ज्याने एक दिवस राज्य केलं नाही त्याला लोक रोज बाजारात मोजून देत होते. माझ्याकडचं ५ मार्क बरंच वापरलेलं आहे, गाल आणि कानावरचे केस गुळगुळीत झालेत, मानेखाली बारीक 'डी' अक्षर आहे, म्हणजे म्युनिकची टांकसाळ. 'ए' असेल तर बर्लिन, 'जे' असेल तर हॅम्बुर्ग.

याउलट १८८८चा कैसर आणि प्रशियाचा राजा फ्रेडरिक तिसरा. बिचारा घशाच्या कॅन्सरने ९९ दिवसांत गेला, पण लोकांनी आठवण म्हणून नाणी जपून ठेवली त्यामुळे आजही चांगल्या कंडिशनमध्ये आणि बऱ्यापैकी स्वस्तात मिळतात. सुरुवात करायची तर यापासून कर.

आणि एक, हे तुला आवडेल बघ. जर्मनीने सोन्याचं चलन धरलं आणि जुन्या थालरची (मार्कच्या आधीच्या जर्मन चांदीच्या नाण्यांची) चांदी बाजारात विकायला काढली, इतरही देश चांदी सोडत होते, नव्या खाणींचा माल येतच होता, चांदीचा भाव जो घसरला तो घसरतच गेला. आपला रुपया चांदीचा, दोन शिलिंगांच्या आसपास होता तो सव्वा शिलिंगावर आला आणि शेवटी १८९३ला इंग्रजांनी मुंबई-कलकत्त्याच्या टांकसाळीत लोकांची चांदी घेऊन रुपये पाडून देणं बंद केलं. गंमत म्हणजे तेव्हाच जर्मन लोक पूर्व आफ्रिकेत रुपयेच पाडत होते! त्या किनाऱ्यावर आपलाच रुपया चालायचा ना, म्हणून वजन तेच, बरोब्बर एक तोळा, वर गरुडाचं हेल्मेट घातलेला कैसर विल्हेल्म आणि एका रुपयाचे ६४ पेसा. हा मला अजून मनासारखा मिळालेला नाही, जे दिसतात त्यांना कुणीतरी कडी लावून लॉकेट केलेलं असतं.

ऑनलाइन घेणार असशील तर आधी कडा बघ. ३ आणि ५ मार्कच्या कडेवर "गॉट मिट उन्स" (देव आमच्यासोबत) कोरलेलं असतं, खोट्यात ते नसतं किंवा अक्षरं वेडीवाकडी. वजन ग्रॅमच्या दुसऱ्या दशांशापर्यंत बघायचं. आणि कृपा करून चिंच लावून घासू नकोस रे, काळपटपणा राहू दे, चकचकीत केलेल्या नाण्याला इथे कुणी विचारत नाही.

तर मी एक ऑटो आणि एक फ्रेडरिक आणतो, पैसे आल्यावर बघू. तुझ्या शिवराईचे फोटो पाठव, दोन्ही बाजूंचे, मागच्या वेळी एकच पाठवलास.

तुझा,
मन्या