रेस बघायला जाताय तर शुक्रवारी जा

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत परदेशात मोटोजीपी (मोटरसायकल रेसची जागतिक स्पर्धा) बघायला कसं जायचं यावर लेख आला होता. वाचून बरं वाटलं, कारण एरवी या खेळाला तुमच्या पानावर दोन ओळी मिळतात आणि त्याही तळाला. पण त्यात एक सल्ला दिलाय की शनिवारी रात्री पोचा, रविवारी रेस बघा, सोमवारी परत, म्हणजे रजा वाचते. हा सल्ला कृपा करून कोणी ऐकू नका. एवढंच बघायचं असेल तर टीव्हीसमोर बसा, खरंच सांगतो, जास्त दिसेल.

मी २०२५ च्या ऑक्टोबरात मलेशियाला सेपांगला जाऊन आलो, शुक्रवार ते रविवार पूर्ण. सर्किट ५.५४३ किलोमीटरचं, वीस लॅपची रेस, एक लॅप साधारण दोन मिनिटांचा. आता तुम्ही एका खुर्चीवर बसलाय, बाइक तुमच्या समोरून जायला किती वेळ लागतो? माझी जागा शेवटच्या हेअरपिनजवळ (यू-टर्नसारख्या वळणाजवळ) होती, म्हणजे चांगलीच, मागची सरळ रेघ, ब्रेकिंग आणि पुढच्या सरळ रेघेची सुरुवात असं सगळं दिसायचं, तरी प्रत्येक लॅपला दहा-पंधरा सेकंदांच्या वर काही नाही, म्हणजे चाळीस मिनिटांच्या रेसमधली पाचेक मिनिटं बघितली म्हणायची आणि बाकीचा वेळ मोठ्या स्क्रीनकडे मान वर करून. एवढ्यासाठी विमानाने जायचं आणि शुक्रवार-शनिवार सोडून द्यायचा?

शनिवारचं तर सरळ आहे. २०२३ पासून शनिवारी दुपारी स्प्रिंट असते, म्हणजे अर्ध्या अंतराची रेस, जिंकणाऱ्याला १२ पॉइंट (रविवारी २५ असतात). म्हणजे शनिवारी रात्री पोचणारा माणूस क्वालिफायिंग (रेसला कोण कुठून सुटणार ते ठरवणारी फेरी) आणि एक अख्खी रेस घालवून बसतो, तिकीट मात्र बहुतेक वेळा तिन्ही दिवसांचं काढलेलं असतं! आणि स्प्रिंटमध्ये टायर जपायची भानगड नाही, पहिल्या लॅपपासून नुसती मारामारी. आमच्या वेळी ती इटलीच्या बान्यायानं मारली.

पण मला बोलायचंय ते शुक्रवारबद्दल, कारण शुक्रवार म्हणजे नुसती प्रॅक्टिस असं म्हणून जो तो सोडून देतो. स्टँड अर्धे रिकामे असतात, तिकिटात बसेल तेवढं हिंडता येतं. सकाळी ४५ मिनिटं, दुपारी एक तास, आणि तो दुपारचा तास नुसता सराव नसतो, त्यात पहिल्या दहात आलेले थेट दुसऱ्या क्वालिफायिंगला जातात (पुढच्या जागा तिथेच ठरतात), बाकीच्यांना शनिवारी पहिल्या क्वालिफायिंगमधून यावं लागतं आणि तिथून दोघंच वर जातात. त्यामुळे शेवटची दहा मिनिटं सगळे नवे मऊ टायर टाकून बाहेर पडतात, कोणी कोणाच्या मागे लपतो, कोणी मुद्दाम हळू होऊन पुढच्याला घालवतो, चिडाचिड, हातवारे, सगळं डोळ्यासमोर. टीव्हीवर त्या वेळी नुसते आकडे लाल-हिरवे होताना दिसतात.

आणि ब्रेकिंग. ते टीव्हीवर कळतच नाही हो. ताशी ३०० च्या वरून बाइक येते, रायडर सरळ होतो, आतला पाय पेडलवरून काढून हवेत सोडतो (ही जुना चॅम्पियन व्हॅलेंटिनो रॉसीची देणगी), मागचं चाक हलकं होऊन डावी-उजवीकडे डुलायला लागतं आणि तरी तो आत वळवतोच. पहिल्यांदा बघताना मी दर वेळी आता हा पडणार म्हणून दात घट्ट धरत होतो. अर्ध्या तासानं नजर बसली, मग दिसायला लागलं की कोण उशिरा ब्रेक मारतो, कोण आधी मारून लवकर गॅस उघडतो, कोणाची बाइक बाहेर पडताना ढकलली जाते. रविवारी वीसेक जण एकदम झुंडीनं येतात तेव्हा हे काहीही कळत नाही, शुक्रवारी एकेकटे येतात म्हणून कळतं. त्या वेळी यामाहाची नवी व्ही-फोर बाइक (चार सिलिंडर V आकारात) पण वाइल्डकार्ड म्हणून, म्हणजे त्या रेसपुरती जादा एंट्री म्हणून आली होती, त्यांच्या नेहमीच्या इनलाइन-फोरच्या (चारही सिलिंडर एका ओळीत) जोडीला. माझ्या शेजारचा गृहस्थ डोळे मिटून आवाजावरून कुठली गेली ते सांगत होता. मला फरक कळला असं छातीठोक सांगणार नाही, पण त्याचं तोंड बघण्यासारखं होतं.

शुक्रवारीच मी ११ नंबरच्या वळणाच्या दिशेनं जमेल तितकं जाऊन आलो. २३ ऑक्टोबर २०११ ला इटलीचा रायडर मार्को सिमोंचेली तिथेच अपघातात गेला, वय २४, दुसराच लॅप. जुने प्रेक्षक अजून त्याच्या ५८ नंबरचे टीशर्ट घालून येतात. तेव्हा मला वाटलं की हे सगळं जुनं झालं, आता सुरक्षितता वाढलीय. आणि रविवारी सकाळी मोटो३ च्या (लहान बाइकच्या वर्गाच्या) सायटिंग लॅपला, म्हणजे रेस सुरूही झाली नव्हती, नुसते ग्रिडकडे (सुटायच्या जागांकडे) जात होते, तेव्हा दोन रायडर, रुएदा आणि नोआ डेटविलर एकमेकांवर आदळले. आमच्या स्टँडवरून काही दिसलं नाही. लाल झेंडा (म्हणजे सगळं थांबवा), मग काहीच नाही, स्क्रीनवर पण रिप्ले दाखवेनात, आणि रिप्ले दाखवत नाहीत म्हणजे काय ते नेहमीच्या लोकांना माहीत असतं. फोनला नेटवर्क नव्हतं, एवढ्या गर्दीत नसतंच. इतका मोठा स्टँड आणि लोक कुजबुजत बोलत होते. माझ्या मागच्या बाकावरचा एक वयस्कर माणूस २०११ ला पण इथेच होता म्हणाला, तो नंतर बराच वेळ बोललाच नाही. दोघंही बचावले हे आता आपल्याला माहितीये, पण त्या वेळी तिथे बसलेल्या कोणालाच माहीत नव्हतं, घरी बघणाऱ्यांना आमच्यापेक्षा जास्त माहिती होती. मोटो३ ची रेस मग उशिरानं आणि कमी लॅपची झाली.

मुख्य रेस आलेक्स मार्केझनं जिंकली. बान्याया चांगला तिसरा चालला होता, शेवटी शेवटी एका लॅपला दिसलाच नाही, पंक्चर झालं होतं हे नंतर कळलं. बघा, परत तेच, रविवारी स्टँडवरच्या माणसाला सगळं नंतर कळतं. टाळ्यांचा आणि आवाजाचा आनंद आहेच, इंजिन छातीत वाजतं, ते खोटं नाही. पण समजून बघायचं असेल तर आधीचे दोन दिवस पाहिजेत.

लेखात दुसरं एक राहिलंय. आपल्या आवडत्या रायडरसाठी म्हणून सहा-सात महिने आधी बुकिंग करणाऱ्यांनी मन घट्ट ठेवावं. आलेक्सचा भाऊ मार्क मार्केझनं त्या वर्षी जपानला मोतेगीला सातवं मोटोजीपी जेतेपद पक्कं केलं आणि पुढच्याच रविवारी इंडोनेशियात मंडालिकाला पडून खांदा दुखावून घेतला, सेपांगला आलाच नाही. माझ्या ओळीत चार जण त्याच्या ९३ नंबरच्या टोप्या घालून बसलेले, नवी कोरी टोपी आणि माणूस गैरहजर. एकाच रायडरच्या नावाचा स्टँड घेण्याआधी याचा विचार करा. हॉटेल कॅन्सल करता येईल असंच घ्या, आणि शक्यतो सर्किटच्या बाजूचं घ्या, शहरातलं नको, कारण शहर (क्वालालंपूर) पन्नासेक किलोमीटरवर आहे आणि रविवारी संध्याकाळी सगळे एकदम निघतात. मी शहरात राहायचा शहाणपणा केला आणि बसच्या रांगेत सव्वादोन तास उभा होतो, ती बस कोणाची ते लिहीत नाही.

छत्री नेऊ नका, मागचे लोक शिव्या घालतात. रेनकोट न्या. विषुववृत्तापासून तीन अंशांवर आहे ते ठिकाण, दुपारी तीनला रेस आणि त्याच सुमारास ढग, दोन्ही वेळेवर येतात. कानात घालायला इअरप्लग न्याच, लहान मुलं बरोबर असतील तर कानावरचे मोठे हेडफोन. पाणी सतत प्या.

आणि एक विनंती, शुक्रवारचे टायमिंग पण छापत जा ना, निदान पहिल्या दहाचे. दोन ओळींच्या तीन झाल्या तर काय बिघडतंय.

आपला,
एक जुना वाचक

ता. क. : लेखात सर्किट विमानतळाच्या "अगदी शेजारी" असल्याचं छापलंय. विमानातून तसं दिसतं खरं. बॅगा घेऊन चालत निघू नका, मी निघालो होतो.