सरांच्या वहीतल्या चीनच्या प्रकरणाबद्दल

प्रिय बंडू,

सप्रेम नमस्कार.

फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे कागदावर. आईचं बरं आहे, माझी शुगर गोळीवर आटोक्यात आहे, घरी सगळे ठीक. मधे बरेच महिने गेले, त्याचं भांडण भेटल्यावर करू.

सरांच्या गणिताच्या इतिहासाच्या पुस्तकाचं अडलंय.

काकूंनी वह्या माझ्या हवाली केल्या त्या कशासाठी, ते तुला ठाऊक आहे. बॅबिलोन, ग्रीस, आपले शुल्बसूत्रवाले, आर्यभट, अरब, केरळचा माधव, सगळी प्रकरणं टाइप करून झाली. छापणाऱ्या मंडळींनी वाचली, मनापासून आवडली. मग परवाच्या बैठकीत एक जण म्हणाले, बाकी झकास आहे, तेवढं चीनचं प्रकरण काढा. काढायचं नसेल तर शेवटी एक ओळ घाला, की हे सारं ज्ञान मुळात भारतातूनच तिकडे गेलं. पुस्तक शाळांत जायचंय, सीमेवर आपली पोरं उभी आहेत, उगाच कुणाच्या डोळ्यांवर कशाला यायचं? गृहस्थ मनाने चांगले आहेत. देणगी त्यांनीच मिळवून दिली. त्यामुळे मला तिथल्या तिथे नाही म्हणता आलं नाही, आणि तेव्हापासून झोप नीट लागत नाही.

ही ओळ मी पहिल्यांदा ऐकली ती तुझ्याच तोंडून, सरांच्या ओसरीवर. आठवतं? सरांनी पाटीवर लिहिलं होतं: काही वस्तू आहेत, तीन-तीनने मोजल्या तर दोन उरतात, पाच-पाचने मोजल्या तर तीन, सात-सातने मोजल्या तर दोन, वस्तू किती? तू पुटपुटत मोजलंस, तेवीस म्हणालास आणि लगेच, हा तर आपला कुट्टक, आर्यभटाची रीत, इ.स. ४९९! सर म्हणाले, हे चिनी गणिती सुन झीच्या ग्रंथातलं, साधारण तिसऱ्या ते पाचव्या शतकातलं. तू म्हणालास, मग आपल्याकडूनच गेलं असणार. पुढचा अर्धा तास चहा गार होत राहिला.

सरांचं तेव्हाचं उत्तर वहीत जसंच्या तसं आहे. प्रश्न सारखा आहे म्हणून रीत सारखी होत नाही, रीत बघा. आर्यभट भागाकारावर भागाकार करत आकडे लहान करत जातो, पार कुटून काढतो. सुन झी दुसऱ्याच वाटेने जातो. त्याने तीन आकडे हाताशी ठेवले आहेत. ७० ला तीनने भागलं की एक उरतो आणि पाच-सातने नि:शेष भाग जातो. २१ चं पाचशी तसंच, १५ चं सातशी. मग दोन वेळा ७०, तीन वेळा २१, दोन वेळा १५ मिळून २३३. त्यातून १०५ दोनदा वजा केले की २३. सर्वसाधारण रीत पुढे छिन जिउशाओने १२४७ मध्ये लिहिली. तू म्हणालास, बघा, आर्यभटानंतरच! सर म्हणाले, नंतर आहे हे खरं, आता तिथून इथवरचा रस्ता दाखव. तो तुला दाखवता आला नाही. सरांनी तुला हरवलं असंही म्हटलं नाही. वहीत लिहिलंय, ‘रस्ता सापडेपर्यंत दोघांचं श्रेय दोघांकडे.’

ऋण संख्यांचं पान टाइप करताना मी एकटाच हसत होतो. सरांनी धन आकडे लाल शाईत आणि ऋण आकडे काळ्या शाईत काढलेत, कारण चिनी गणिती लिउ हुईने गणनकाड्यांचे, म्हणजे हिशेबाच्या काड्यांचे, रंग तसेच सांगितले आहेत. तू बँकेत लागलास त्या वर्षी ते पान बघून म्हणाला होतास, सर, या हिशेबाने आमच्या सगळ्या बुडीत खात्यांवर दिवाळी साजरी करता येईल. सर इतके हसले की काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्याच पानावर ते धान्याचं गणित आहे. उत्तम पिकाच्या तीन पेंढ्या, मध्यमच्या दोन आणि हलक्याची एक मिळून ३९ मापं धान्य. दोन, तीन आणि एक मिळून ३४. एक, दोन आणि तीन मिळून २६. एका पेंढीला किती? काड्यांचे तीन उभे रकाने मांडायचे आणि एकातून दुसरा वजा करत जायचं. उत्तर सव्वानऊ, सव्वाचार, पावणेतीन. वजाबाकीत मधेच शून्याखालचा आकडा आला तर घाबरायचं कारण नाही, काळी काडी ठेवायची. हे ‘नऊ अध्याय’ नावाच्या ग्रंथातलं आहे, इसवी सनाच्या पहिल्या शतकापर्यंत तो आजच्या रूपाला आलेला होता. हीच रीत आज इंजिनिअरिंगच्या पोरांना गाउसच्या नावाने शिकवतात. आपल्या ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये धन आणि ऋण यांचे, शून्यासकट, जे नियम बांधले ते त्याच्या जागी थोरच आहेत. ते सरांनी आपल्या प्रकरणात केवढ्या प्रेमाने लिहिलेत ते तू वाचशीलच. त्यासाठी काळ्या काड्या लपवाव्या लागत नाहीत.

आता गोळा. बंडू, मुख्य म्हणजे या गोळ्यामुळे मी अडून बसलोय.

‘नऊ अध्यायां’त गोळ्याच्या घनफळाची जी रीत दिलीय तिचा अर्थ, व्यासाच्या घनाचे नऊ-सोळांश. लिउ हुईने इ.स. २६३ मध्ये टीका लिहिताना स्पष्ट म्हटलं, हे चूक आहे. मग तो स्वतः शोधायला बसला. ठोकळा घ्यायचा, त्यातून एक दंडगोल आडवा कोरायचा आणि दुसरा त्याला काटकोनात. दोन्हींचा सामाईक भाग उरतो त्याला त्याने जोडछत्र्यांचं नाव दिलं, कारण आकार एकाखाली एक जोडलेल्या दोन चौकोनी छत्र्यांचा. सरांनी धुण्याच्या साबणाची वडी घेऊन तो आकार सुरीने कोरला होता, आणि त्या आठवड्यात काकूंनी सरांचे सदरे धुवायला नकार दिला होता. आकार हातात घेतला की लगेच कळतं. कुठेही आडवा काप घे, छत्रीचा काप चौरस येतो आणि आतल्या गोळ्याचा काप त्या चौरसात नेमकं बसणारं वर्तुळ. प्रत्येक कापाला गुणोत्तर एकच, चारास पाय (π). तेव्हा छत्र्यांचं घनफळ मिळालं की गोळा मिळाला.

ते त्याला मिळेना. ज्या माणसाने वर्तुळात १९२ बाजूंची आकृती बसवून पायची किंमत ३.१४ पर्यंत आणली, तो इथे थांबला. त्याने काय केलं असेल? काहीतरी जुळवून टाकणं सोपं होतं, कोण तपासणार होतं? त्याने लिहिलं, की अंदाजाने काही ठोकून दिलं तर खरं तत्त्व निसटेल अशी भीती वाटते. शंका तशीच ठेवतो आणि सांगू शकेल अशा कुणाची वाट बघतो. सरांनी या ओळीखाली दोनदा रेघ मारलीय. कागद फाटलाय तिथे.

सुमारे अडीचशे वर्षांनी झू गेंगने ते सोडवलं. त्याने छत्रीचा नाद सोडला आणि छत्री कोरून काढल्यावर ठोकळ्याचा जो चुरा उरतो तो हिशेबात घेतला. ठोकळ्याचा आठवा हिस्सा घे, बाजू त्रिज्येएवढी. एखाद्या उंचीवर काप घेतला की छत्रीच्या वाट्याला येतं त्रिज्येचा वर्ग वजा उंचीचा वर्ग. अख्खा चौरस त्रिज्येचा वर्ग. तर चुऱ्याच्या वाट्याला उरला फक्त उंचीचा वर्ग! तळाशी काही नाही, वर जाताना उंचीच्या वर्गाने वाढत जाणारा. म्हणजे टोकावर उभा केलेला चौरस पायाचा पिरॅमिड, आणि त्याचं घनफळ ठोकळ्याचा एक तृतीयांश. छत्र्यांना राहिले दोन तृतीयांश, आणि गोळा झाला पाय गुणिले व्यासाचा घन भागिले सहा. प्रत्येक उंचीवर काप सारखे असतील तर घनफळं वेगळी असूच शकत नाहीत, असं त्याने तत्त्वही सांगून ठेवलंय. युरोपात हेच तत्त्व सतराव्या शतकात कावालिएरीच्या नावाने आलं.

झू गेंगचा बाप झू चोंगझी. त्याने पाय ३.१४१५९२६ आणि ३.१४१५९२७ यांच्यामध्ये अडकवला आणि ३५५/११३ दिला. त्याचा ग्रंथ हरवला, आकडे राहिले. ४६२ मध्ये त्याने नवं पंचांग तयार करून दरबारात मांडलं. वजनदार दरबारी दाई फाशिंगने विरोध केला, की जुन्यांनी घालून दिलेलं तू कोण बदलणार? झूने लेखी उत्तर दिलं, निरीक्षणं पुढे ठेवली. तेवढ्यात बादशहा वारला आणि सगळं बारगळलं. ५०० मध्ये झू गेला. पोराने पाठपुरावा सोडला नाही, आणि ५१० मध्ये ते पंचांग लागू झालं. ही कथा सरांनी आपल्याला सांगितली तेव्हा तू उठून अंगणात गेला होतास. तुझे वडील नुकतेच गेले होते. मी त्यावर कधी बोललो नाही, आज लिहितोय.

आता सांग, या प्रकरणाच्या शेवटी ती ओळ कशी घालू?

तुझा मुद्दा जिथे खरा आहे तिथे सरांनी तो नीट लिहून ठेवलाय. चीनच्या तेव्हाच्या राजधानीत, चांगआनच्या दरबारात भारतीय वंशाचा गौतम सिद्ध ज्योतिषी होता. ७१८ मध्ये त्याने आपलं नवग्रह पंचांग चिनीत आणलं. त्यात ‘ज्या’ म्हणजे साइनची सारणी होती आणि रिकाम्या जागी टिंब द्यायचं शून्य होतं. चिनी गणनफळ्यावर शून्याची जागा नुसती मोकळी ठेवत. गोल शून्य त्यांच्याकडे छिनच्या १२४७ च्या ग्रंथात दिसतं. हा रस्ता नावानिशी, सालानिशी दाखवता येतो. सर्रास ‘सगळंच आपलं’ म्हटलं की या खऱ्या गौतम सिद्धाची किंमत काय राहिली? मूल मोठं होऊन कुठे तरी तपासणार. एक ओळ खोटी निघाली की आर्यभटाचं प्रकरणही त्याला खोटं वाटणार. मला याचीच भीती जास्त आहे.

आणि उलटं करून बघ. लीलावती ११५० ची. गोळ्याचं पृष्ठफळ गुणिले व्यास भागिले सहा हे भास्कराचार्यांचं सूत्र, अगदी बरोबर. झू गेंग त्यांच्या सहाशे वर्षं आधीचा. उद्या बीजिंगच्या एखाद्या मास्तराने मुलांच्या पुस्तकात लिहिलं, लीलावतीतलं ज्ञान मुळात चीनमधून गेलं, तर तू काय करशील? चाळीसगावजवळ पाटण्याला आपण सरांबरोबर गेलो होतो. भास्कराचार्यांच्या नातवाने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला तो शिलालेख बघून तू चक्क साष्टांग नमस्कार घातला होतास. तो माणूस असलं वाक्य सहन करील? रस्ता दाखवा, असंच म्हणशील ना तू?

तर ओळ घालायची नाही हे माझ्यापुरतं ठरलंय. प्रकरणही काढायचं नाही. घोर दुसराच आहे. पुस्तक परत घेतलं तर दुसरीकडे छापायला वर्ष जाईल, पैसेही नाहीत, आणि काकू आता थकल्यात. परवा विचारत होत्या, मुखपृष्ठावर यांचा फोटो कुठला घेणार? त्यांच्यासमोर मी काय बोलणार होतो? कपाटातला तो धोतरातला फोटो काढून त्यांनी पुसूनही ठेवलाय.

म्हणून तुला गळ घालतोय. त्या मंडळात तुझी ऊठबस आहे. मी बोललो तर त्यांना वाटतं हा चीनची बाजू घेतोय. तुझ्यावर तसा आळ कुणी घेणार नाही, तू सरांशी आयुष्यभर याच विषयावर भांडलास हे सगळ्यांना माहीत आहे. तू सांगितलंस की प्रकरण आहे तसं जाऊ दे, तर ते जाईल. पण आधी वाच. पटलं तरच बोल. पटलं नाही तर समासात लिही, सरांच्या वहीत तुझे आक्षेप पेन्सिलीने आधीच आहेत, त्यात भर पडेल. ते आक्षेप मी तळटीपांत तुझ्या नावाने छापणार आहे, नको म्हणू नकोस.

सोनूला पुण्यात प्रवेश मिळाला हे ताईकडून कळलं, फार बरं वाटलं. हॉस्टेल लांब आहे का? वहिनींचा गुडघा कसा आहे? घराचं बांधकाम स्लॅबपर्यंत आलं म्हणे, पावसाच्या आत उरकून घे. स्वेच्छानिवृत्तीचं आत्ता ठरवू नकोस, बोलू.

प्रकरणाची झेरॉक्स सोबत आहे, बावीस पानं. मूळ वही पाठवत नाही, तू चहा सांडतोस. मंडळाची बैठक पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी आहे. त्याच्या आधीच्या शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघालास तर शनिवारी सकाळी स्टँडवर घ्यायला येतो. काकूंना तू येणार असं अजून सांगितलेलं नाही. तुझं नक्की झालं की सांगेन.

वहिनींना नमस्कार, सोनूला आशीर्वाद.

तुझा,
नाना