रेंज जायच्या आधी फाईल घ्या

संपादक साहेब,

जिओकॅशिंगवर, म्हणजे कुणीतरी लपवलेला डबा जीपीएसने शोधायच्या खेळावर, कुणी लिहितच नाही म्हणून हे पत्र. २ मे २००० ला अमेरिकेने जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक बंद केली आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगॉनमध्ये पहिला डबा लपवला गेला. पण नवीन लोक मोबाईलच्या नेटवरच विसंबतात, जंगलात रेंज गेली की संपलं. घरूनच हँडहेल्डमध्ये, म्हणजे हातातल्या जीपीएस यंत्रात, डब्याच्या माहितीची जीपीएक्स फाईल टाका ना, एलओसी प्रकारची फाईल नको, तिच्यात नाव आणि अक्षांश-रेखांश एवढंच येतं, जीपीएक्समध्ये वर्णन, हिंट, आधी शोधून गेलेल्यांच्या नोंदी पण येतात आणि खरं सांगते त्या नोंदीच जास्त कामाच्या. आणि आदल्या रात्री फाईल ताजी करा, मी जुन्या फाईलवर गेले, तीन तास झुडपं धुंडाळली, डबा कधीच काढलेला होता.

- एक वाचक