लसीच्या रांगेतल्या त्या दोघींना मनापासून थँक्यू
बाळ झाल्यावर मैत्रिणींचे फोन कमी होत गेले आणि मला दिवसभर उगाचच रडू यायचं, सांगायचं कोणाला तेच कळेना. त्या दिवशी लसीच्या रांगेत बाळ किंचाळतंय, दूध ओढतच नाही, तेव्हा शेजारच्या दोन अनोळखी आया उठल्या, एकीने आपल्या बाळाचं दुपटं आडोशाला धरलं, दुसरीने बाळाचं पोट माझ्या पोटाला टेकवून, स्तनाचं नुसतं टोक नाही तर भोवतीचा काळा भागही तोंडात जाईल असं धरायला शिकवलं, आणि मग हळूच विचारलं, "तू झोपतेस का गं?" घरी सगळे बाळाचीच झोप विचारायचे! बाळंतपणानंतर आईला असं रडू येणं 2 आठवड्यांपुढे गेलं तर डॉक्टरांना दाखवायचंच हेही तिनेच सांगितलं. मी गेले, आता बरीय. नावं विचारायच्या आत त्यांचा नंबर आला, पण बायांनो, तुमचे खूप खूप आभार.